पळीभर तेल, औटकी आणि गणिताचे मास्तर

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याला आज सिडकोचा नोड आहे. सेक्टरांना आकडे, रस्ते काटकोनात, आणि २०२४ च्या जानेवारीपासून रेल्वेचे स्टेशनसुद्धा. मी राहतो त्या बाजूला माझ्या लहानपणी भातखाचरे होती आणि पलीकडे मिठागरे. नवी मुंबईसाठी या पट्ट्यातली जमीन संपादित झाली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मला त्यातल्या एका गुणाकाराविषयी लिहायचे आहे.

गोष्ट १९९५ च्या आसपासची. आमच्या ओटीवर एक मध्यस्थ येऊन बसला होता. भूखंड हातात पडण्याआधीच त्यावरचा हक्क विकत घेणारी माणसे तेव्हा गावोगाव फिरत. माझे मोठे चुलते, आप्पा, त्याच्यासमोर मांडी घालून बसलेले. आमची गेलेली जमीन साडेचार एकर. मध्यस्थाने कागदावर भराभर आकडे मांडले, खाली रेघ ओढली आणि म्हणाला, "कापूनछाटून तुमच्या हाती चौदा गुंठे येतील, आप्पा." मी त्या वेळी बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्क होतो. मी उठून कॅल्क्युलेटर आणायला आत गेलो. परत येईपर्यंत आप्पांनी कागदाकडे न पाहताच सांगून टाकले होते, "पावणेसोळा."

नंतर त्यांनी मला हिशेब समजावला. साडेबारा टक्के म्हणजे रुपयाला दोन आणे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून एकरामागे पाच. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा, म्हणजे दीड गुंठा. उरले साडेतीन. आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. चार एकरांचे चौदा, वरच्या अर्ध्याचे पावणेदोन. मध्यस्थाने वरचा अर्धा एकर सोडून दिला होता, चुकून की कसे ते त्याचे त्याला ठाऊक. पावणेदोन गुंठे म्हणजे एकोणीसशे चौरस फुटांच्या वर जागा.

आप्पा चौथी शिकलेले. मी दहावीला बीजगणित-भूमिती घेऊन बऱ्या गुणांनी पास झालेला. औटकी मला कोणीच शिकवली नव्हती. 'औट घटकेचे राज्य' हा वाक्प्रचार मी निबंधात वापरला असेल, पण त्यातले औट म्हणजे साडेतीन हे मला त्या दिवशी ओटीवर कळले.

मी गणिताचा पदवीधर नाही, इतिहासाचाही नाही. यार्डातल्या पाळ्या सांभाळून ग्रंथालयांतून जे वाचले तेवढीच माझी पुंजी. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. आप्पांच्या मास्तरांना औटकी शिकवायला कोणी सांगितली, माझ्या मास्तरांना ती सोडून द्यायला कोणी सांगितले, आणि या दोन्ही वेळी त्या मास्तरांच्या हातात कोणी काय दिले? महाराष्ट्रात गणित शिकवणाऱ्याला समाजाने आणि सरकारने कसे पोसले, याचा सलग इतिहास मला एका जागी सापडला नाही. तुकडे सापडले. ते इथे मांडतो.

पहिला तुकडा आठशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलका. चाळीसगावहून पाटणादेवीला गेलेल्या वाचकांना तिथली दरी आठवत असेल. या पाटणच्या शिलालेखावर शके ११२८ मधले चंद्रग्रहण नोंदले आहे. इसवी सनाचे वर्ष १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने तिथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव या मांडलिकाने त्या मठाला उत्पन्न लावून दिले. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. पुढे कीलहॉर्न यांनी 'एपिग्राफिया इंडिका'त त्याचे संपादन केले.

लेखाचा मोठा भाग संस्कृत श्लोकांत आहे. त्यात वंशावळ आणि स्तुती, जे अशा लेखांत असायचे ते सगळे. पण शेवटी दगडाची भाषा बदलते आणि मराठी सुरू होते, कारण आता पैशाची बोलणी आहेत आणि ती बाजारातल्या माणसाला कळायला हवीत. पाटणच्या पेठेत विकायला येणाऱ्या मालावरचा हिस्सा मठाचा. जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल मठाचे. आणि इथे जे काही मोजून घ्यायचे-द्यायचे, ते मठाच्या मापाने मोजायचे.

हे शेवटचे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचले. गणित शिकवणाऱ्या संस्थेला नुसते दान दिलेले नाही. बाजारातले प्रमाण माप तिच्याकडे आहे. 'लीलावती' उघडली तर तिची सुरुवातही मापांनीच होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. सोळाचा हा हिशेब आप्पांच्या रुपयातल्या सोळा आण्यांपर्यंत चालत आला. मठात शिकवले जाणारे गणित आणि मठाबाहेर मोजले जाणारे धान्य यांच्यात एक धागा होता, आणि मास्तर त्या धाग्यावर जगत होता.

अर्थात हे चित्र फार गोड करायचे कारण नाही. घाण्यावर तेल काढणाऱ्याचा मुलगा आत बसून 'लीलावती' शिकला असेल, असे मानायला काहीही आधार नाही. तेल त्याचे आणि विद्या दुसऱ्याची. पावणेसातशे वर्षांनी, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हाच मुद्दा मांडला होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, असे त्यांचे म्हणणे. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची जी यादी त्यांनी दिली, तिच्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आहे. हिशेब येत नाही म्हणून सावकाराच्या कागदावर अंगठा उठतो, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी पाहिले होते?

मधल्या शतकांत गणित जगले ते गावठी शाळांतल्या पंतोजींच्या जिवावर. धूळपाटी, उजळणी, तीसपर्यंतचे पाढे, आणि त्यापुढे अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पंतोजीला मिळे ते सणावाराचे धान्य आणि पोरांच्या घरून येणारे चार पैसे. त्याच्यामागे ना राजा ना पुस्तक. त्याच्या डोक्यात होते तेच त्याचे साधन, आणि छडी. त्या छडीचे गोडवे गाणारे लोक आजही भेटतात; मी त्यांच्यातला नाही. पण ज्या व्यवहारात मापे चौथाईने आणि निम्म्याने मोडत, त्या व्यवहाराला हे पाढे तंतोतंत बसत होते, हे मान्य करावे लागते.

इंग्रजी अमलात मास्तरांची पहिली सरकारी काळजी घेतली ती एका इंजिनिअरने. जॉर्ज जर्व्हिस हा मुंबईच्या लष्करातला इंजिनिअर अधिकारी, १८२२ मध्ये निघालेल्या शाळापुस्तक मंडळीचा चिटणीस. त्याने चार्ल्स हटन यांच्या इंग्रजी गणितग्रंथांवरून मराठी गणित तयार केले. सोबत जगन्नाथशास्त्री क्रमवंत होते. ज्या संज्ञा मराठीत नव्हत्या त्या संस्कृत ज्योतिषग्रंथांतून उचलायच्या, नाहीतर नव्या घडवायच्या, हे काम या दोघांनी केले. पण पुस्तक छापून ते थांबले नाहीत. १८२६ मध्ये चोवीस शिक्षक मुंबईत तयार करून वेगवेगळ्या जिल्ह्यांत पाठवले गेले. पुस्तक आणि ते शिकवू शकणारा माणूस एकाच वेळी निघाला. पुढच्या दोनशे वर्षांत ही गोष्ट किती वेळा जमली हे पाहिले तर त्या चोवीसांचे महत्त्व कळते.

१८४० च्या दशकात शिक्षण मंडळावर वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांना पैसा इंग्रजी शिक्षणावर घालायचा होता. जर्व्हिस, जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांचे सहकारी म्हणत होते की सर्वसामान्यांना शिकवायचे तर ते मराठीत. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांच्या देखरेखीखाली शिक्षक तयार करणारा वर्ग मुंबईत सुरू झाला. बाळशास्त्री स्वतः गणिताचे अध्यापक, शून्यलब्धीवर, म्हणजे आजच्या भाषेत कलनावर, मराठीत लिहिणारे. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांच्यामागे तो वर्गही टिकला नाही. महाराष्ट्रातल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. एक माणूस असतो तोवर काम असते.

त्यांच्यानंतर मराठी शाळांचे अंकगणित केरो लक्ष्मण छत्र्यांच्या नावावर आहे. जन्म १८२५, अलिबागजवळच्या नागावचा. (उरणलाही नागाव आहे आणि आमच्याकडचे काही जण हौसेने छत्र्यांना तिकडचे ठरवतात. तसे नाही.) कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेला, टिळकांचा गुरू असलेला हा माणूस प्राथमिक शाळेसाठी अंकगणित लिहायला बसला, यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. गोखल्यांचेही तसेच. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक पिढ्यानपिढ्या शाळांतून चालले. त्याच गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. अंकगणिताचे पुस्तक लिहिणाऱ्याला हा निकाल आधीच मोजता आला असणार. तरी त्यांनी विधेयक मांडले.

आता एका अशा मास्तरांकडे येतो ज्यांना कोणीही काही दिले नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर. १९२७ मध्ये फर्ग्युसनचे विद्यार्थी असताना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते, पण पुढची कुठलीही गणिताची पदवी नाही. संख्यांचे खेळ हाच ध्यास. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि उत्तरावर तेच करत राहा. पाटणच्या लेखाचे वर्ष घेऊ: १२०७. ७२१० मधून ०१२७ गेले, ७०८३. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. हे त्यांनी १९४९ च्या मद्रासमधल्या गणित परिषदेत सांगितले. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिले, ते डोंबिवली स्टेशनच्या त्या वेळच्या नावावरून, कारण कल्पना तिथे सुचली.

कापरेकर पदरमोड करून पुस्तिका छापत. विद्यापीठांतल्या अनेकांना हे काम पोरखेळ वाटे. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा मास्तर निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षे झाली होती. आज प्रत्येक गणित दिनाला शाळेच्या फळ्यावर ६१७४ असते. देवळालीच्या वर्गात उभ्या असलेल्या त्या मास्तरांना बत्तीस वर्षांत आपल्या विषयाविषयी बोलायला बरोबरीचा माणूस किती वेळा भेटला असेल, हे मात्र कोणी फळ्यावर लिहीत नाही.

कापरेकर नोकरीत असतानाच गणित शिकवणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. मागोमाग शेर-मण गेले, किलो-लिटर आले. १९६२ पर्यंत बाजारात दशमान मापे सक्तीची झाली. निर्णय योग्यच होता. गावागणिक बदलणाऱ्या पायलीने शेतकऱ्याला जे लुबाडले त्याचा हिशेब कुठल्याच पाढ्यात बसत नाही. पण शाळेच्या बाजूने पाहा. पंतोजीपासून चालत आलेल्या अपूर्णांकांच्या पाढ्यांचा आधार एका झटक्यात गेला. पाव-अर्धा-पाऊण भाषेत राहिले, पुस्तकात दशांश चिन्ह आले. या दोहोंमधला पूल बांधायचे काम मास्तरांवर पडले, आणि तो कसा बांधायचा हे त्यांना शिकवणारे फारसे कोणी नव्हते. पुष्कळांनी सरळ मार्ग धरला: जुने सोडले, नवे पाठ करून घेतले. मी त्या नव्या पद्धतीचा विद्यार्थी. शेकडेवारी मला सूत्र म्हणून येई. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, म्हणजे दोन आणे, हे मला दिसत नसे.

कोठारी आयोगाच्या काळात पाठ्यपुस्तकांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, आपली 'बालभारती', स्थापन झाली. तिच्यावर टीका करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी करणार नाही. गडचिरोलीपासून उरणपर्यंत एकच गणिताचे पुस्तक, परवडणाऱ्या किमतीत, आणि तेही आठ भाषांत, ही साधी गोष्ट नाही. आमच्या घरात छापील म्हणावीत अशी पुस्तके तेवढीच होती. पण बालभारतीचे काम पुस्तकापाशी संपते. पुढचे काम प्रशिक्षण संस्थांचे, आणि तिथे बराच काळ जे चालले ते असे: अभ्यासक्रम बदलला की दोन-चार दिवसांचे शिबिर, चहा-बिस्किटे, हजेरी, आणि फळ्यावर 'आशयसमृद्धी'. तज्ज्ञ आधी जिल्ह्यातल्या काही जणांना सांगणार, ते तालुक्याला, तालुका केंद्राला. तेल एका पळीतून दुसऱ्या पळीत ओतत नेले की शेवटच्या पळीत किती उरते, हे गणित सोपे आहे.

याला अपवाद ठरलेला एक प्रयोग पुन्हा खानदेशातच झाला, पाटणच्याच जळगाव जिल्ह्यात. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. व्ही. जी. कुलकर्णी हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख. त्या दशकात केंद्राने रावेर तालुक्यातल्या खिरोद्याभोवतीच्या ग्रामीण शाळा घेऊन विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांबरोबर काम केले. पुढे या मंडळींचे लक्ष भाषेकडे गेले. आशय तोच ठेवून फक्त पुस्तकातली मराठी सोपी केली तर वंचित घरांतल्या मुलांचे आकलन सुधारते, असे त्यांच्या अभ्यासांतून पुढे आले. मुंबईतल्या महापालिका शाळांतल्या मुलांबरोबरही त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि योग्य आधार मिळाला तर हीच मुले शालान्त परीक्षेत चमकतात हे दाखवले. जर्व्हिस आणि क्रमवंत यांनी मोठ्या कष्टाने घडवलेल्या संस्कृत संज्ञा दीडशे वर्षांनी एका झोपडपट्टीतल्या मुलाला अडत होत्या. दोघांचेही प्रयत्न प्रामाणिक होते. त्यावर आपण काढलेला तोडगा म्हणजे सेमी इंग्रजी. लसावि-मसावि जाऊन एलसीएम-एचसीएफ आले. मुलाला अडणारा शब्द फक्त बदलला.

सरकारबाहेर जे झाले त्यातली दोन कामे मला मोलाची वाटतात. एक, १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान. परड्यू विद्यापीठात नाव कमावलेल्या या गणितज्ञाने मराठी मुलांना वरच्या दर्जाचे गणित भेटावे म्हणून जागा उभी केली. ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या अनेक पिढ्या तिथे घडल्या. दुसरे काम त्याहून कमी प्रसिद्ध आहे: जिल्ह्याजिल्ह्यांतली गणित अध्यापक मंडळे आणि त्यांचे राज्य महामंडळ. 'गणित संबोध', 'गणित प्राविण्य', 'गणित प्रज्ञा' अशा परीक्षांची नावे शाळेत गेलेल्या बहुतेकांना माहीत असतील. त्या परीक्षांमागे नोकरी करून, रविवारी एकत्र बसून प्रश्नपत्रिका काढणारे शिक्षक असतात हे माहीत नसते. मला त्या परीक्षांपेक्षा ते रविवार महत्त्वाचे वाटतात. अपूर्णांकांचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे एका मास्तराने दुसऱ्या मास्तराला न लाजता विचारावे अशी जागा राज्यात दुसरी कुठे आहे? महिन्याची शिक्षण परिषद तशी व्हावी अशी कल्पना होती. काही केंद्रांत ती तशी होतेही. बऱ्याच ठिकाणी तिथे माहितीचे तक्ते भरले जातात.

अलीकडच्या काळात देणे वाढले आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाला आणि शाळाशाळांत गणित पेट्या दिसू लागल्या: दहा-दहा मण्यांची माळ, ठोकळे, नोटा, अपूर्णांकांच्या चकत्या. पेटी चांगली आहे. ज्या शाळेत ती कुलपात राहिली तिथे दोष पेटीचा नव्हता.

आणि मग २०१९ चा जून. दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीस हे 'वीस सात' असेही वाचायला दिले होते. 'असेही' हा शब्द महत्त्वाचा. जुने वाचन काढलेले नव्हते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या, 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या आणि लहान मुलांना स्वतः शिकवणाऱ्या. त्यांचे म्हणणे असे की मराठी संख्यानामे उलटी चालतात: लिहिताना दोन आधी आणि सात मग, बोलताना 'सत्ता' आधी आणि 'वीस' मग. त्यात जोडाक्षरे. एकोणतीस, एकोणचाळीस यांच्यात तर वजाबाकी दडलेली. दक्षिणेकडच्या भाषांत आणि इंग्रजीत दशक आधी येतो, मूल अडखळत नाही. या युक्तिवादाशी भांडता येते. संख्यानामे ही भाषेची ठेव आहे, ती तोडल्याने अडीचकी-औटकीच्या वाटेने बावीस-तेवीसही जातील, अशी भीती मलाही वाटली. पण भांडण झाले ते वेगळेच. वाहिन्यांवर चेष्टा, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरून विनोद, मग समिती. नारळीकरबाई शांतपणे खुलासे देत राहिल्या. २०२३ मध्ये त्या गेल्या.

आमच्या तालुक्यात तेव्हा दुसरीला शिकवणाऱ्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "भाऊ, पुस्तक आणि टीव्हीवरची बातमी आमच्याकडे एकाच आठवड्यात आली. आईबाप दारात. मी काय सांगणार?" गंमत अशी की त्या आधीपासूनच दोन्ही करत होत्या. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, वर सुट्या काड्या, "दोन गठ्ठे आणि सात, वीस आणि सात, सत्तावीस." हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, वर्गात उभे राहून सापडले होते. त्या सगळ्या गदारोळात दुसरीच्या कुठल्या बाईला कोणी बोलावून विचारल्याचे माझ्या पाहण्यात तरी आले नाही. १९५७ मध्येही असेच झाले असणार, फक्त तेव्हा टीव्ही नव्हता.

आप्पा आता नाहीत. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. मिठागरावरच्या मजुरीचे हिशेब, काही मोडीत, काही बाळबोधीत, आणि मागच्या पानावर पाढे. गेल्या पावसाळ्यात त्या पानाचा फोटो मी बाईंना पाठवला. त्या आता चौथीला शिकवतात. एका शनिवारी त्यांनी मला वर्गात बोलावले. मी साडेचार एकरांची ती गोष्ट सांगितली, औट म्हणजे काय ते सांगितले, आणि चाराला चौदा इथवर येऊन थांबलो. पाठ कोणालाच नव्हते, असण्याचे कारणही नव्हते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की तिला पाढ्याची गरज नाही, ती सातचा पाढा म्हणून निम्मे करते. मी विचारले, मग साडेचाराचे कसे करशील? ती थोडा वेळ बोटांशी खेळत राहिली. "साडेएकतीसच्या निम्मे," म्हणाली, आणि ते किती हे काढायला पाटी पुढे ओढली. बाई माझ्याकडे न पाहता फळ्याकडे वळल्या आणि तिने सांगितलेली रीत तिच्याच शब्दांत लिहू लागल्या.